स्टँडवरचा फ्लेक्स

लिंबागणेश,
११ जुलै २०२५

ती. आत्या,

नमस्कार. तुझे कान गेले आणि फोन बंद झाला, हे एका परीनं बरंच झालं म्हणायचं. बापूंचा फोन कायम स्पीकरवर असतो. आमच्या ओट्यावर बोललेलं चार घरं पलीकडच्या वच्छलाबाईला ऐकू जातं. कागदावर निदान गुपित राहतं, म्हणून ही बातमी पहिली तुला. आई-बापूंना अजून सांगितलेली नाही.

एम.एस्सी.साठी माझी दोन ठिकाणी निवड झाली आहे. एक दिल्लीचं विद्यापीठ. त्याचं नाव घेतलं की आमचे कॉलेजचे सर खुर्चीत सरळ होऊन बसतात, एवढं मोठं. दुसरं तुमच्या कर्नाटकातलं, तुझ्या भालकीपासून बसनं पाच-सहा तासांवर. ते इथं कुणालाच माहीत नाही. दोन वर्षांपूर्वी मलाही नव्हतं. पण ते पूर्ण शिष्यवृत्ती देतायत. फी, हॉस्टेल, जेवण, सगळं त्यांच्याकडं. दिल्लीला यातलं काही नाही. विषय दोन्हीकडं एकच, कीटकशास्त्र.

आपल्या डोंगराकडच्या सीताफळांवर तो पांढरा पिठ्या ढेकूण पडतो ना, त्यावर मी दोन वर्षं खपले हे तुला माहीत आहे. बापू अजून येईल-जाईल त्याला सांगतात, पोरीला शिकायला पाठवलं तर ती झाडाला ग्रीस फासत बसती.

पोळा झाला की पुढच्या सोमवारी, पंचवीस ऑगस्टला, एका ठिकाणी होकार कळवायचा. दुसरी जागा त्या दिवशी जाणार. डोक्याचा नुसता भुगा झालाय. तू कुणाला सांगू नकोस, बापूंना तर मुळीच नाही. त्यांना कळलं म्हणजे तालुक्याला कळलं. आधी मी ठरवीन, मग सांगेन.

तुझी,
सायली

भालकी,
१७ जुलै २०२५

चि. सायलीस आत्याचा लई आशीर्वाद.

तुझं पत्र पोष्टमननं फाटकावरनं फेकलं, ते म्हशीच्या पुढ्यात पडलं. एक कोपरा तिनं खाल्ला. राहिलेलं मी तीनदा वाचलं.

पोरी, तू असं गोल गोल फिरवून लिवलंस ते मला कळंना व्हय? तुला दिल्लीलाच जायचंय. बापाच्या खिशाकडं बघून त्या फुकटच्या जागेचं नाव घेतीस. मी तुला पाळण्यात असल्यापास्नं ओळखते. गणपतीच्या जत्रेत तुझे डोळे मोठ्या बाहुलीवर असायचे आन तोंडानं मागायचीस पिपाणी. तवा आमी पिपाणीच घेऊन दिली, ते मला अजून खुपतंय.

आता तसं करू नको. पैशाचं मी बघते. ही म्हैस इकीन, तशीबी लाथा मारती. इकडं येऊन काय करशील? मला इथं चाळीस वर्षं झाली, अजून दुकानदार मला मराठीबाई म्हणूनच हाक मारतो. तू दिल्ली बघ. आमच्या घरात दिल्लीला कोणी गेलतं का आजपतूर?

तुझ्या बापाला, बद्रीला, मी काय बी कळवणार न्हाई. तोंड शिवून घेतलंय.

तुझी आत्या

लिंबागणेश,
२५ जुलै २०२५

आत्या,

घात झाला. मंगळवारी बीडला जायला म्हणून स्टँडवर गेले तर चहाच्या टपरीवर माझंच तोंड लटकलेलं.

दहा बाय आठचा फ्लेक्स आहे. सगळ्यात वर साहेब, हात जोडलेले. हे साहेब म्हणजे ज्यांच्याकडून बापूंना यंदा पंचायत समितीचं तिकीट पाहिजे आहे ते. त्यांच्याखाली बापू, गॉगल लावून. मग तालुक्यातली सात डोकी गोल गोल चौकटीत. आणि तळाला, कोपऱ्यात, बसच्या तिकिटाएवढी मी. फोटो आधार कार्डावरचा. खाली मजकूर असा: ‘लिंबागणेशची वाघीण निघाली दिल्लीला. जगप्रसिद्ध विद्यापीठात निवड झाल्याबद्दल कु. सायली हिचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक, बद्रीनाथदादा मित्रमंडळ.’

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत सत्कार. शाल, नारळ, फेटा. तोही मला नाही, बापूंना. मी शेजारी उभी राहून हसत होते. आईनं एवढंच विचारलं की, मला का नाही सांगितलंस. तिला काय सांगू?

मी सांगते कुणी केलं ते. बंकट पोस्टमननं पत्र फोडलं. त्याच्याशिवाय माझ्या आणि तुझ्यामध्ये तिसरा कोण आहे? मी त्याच्याशी बोलणं सोडलंय. काल तो दारात येऊन ‘सायलीताई, पेढे कुठंयत’ म्हणाला, तर मी तोंड फिरवून आत गेले.

आणि आत्या, तूही मला चुकीचं वाचलंस. दिल्ली महाग म्हणून मी कर्नाटकाचं नाव घेत नाही. मला खरंच तिथं जायचंय. पिठ्यापाशी काळ्या मुंग्या का असतात हे मला कोण सांगेना, तेव्हा मी चार ठिकाणी लिहिलं होतं. उत्तर एकाच ठिकाणाहून आलं, या कर्नाटकातल्या विद्यापीठातल्या प्राध्यापक बाईंकडून. त्यांनी मला उत्तर दिलंच नाही, उलट विचारलं, मुंग्या चढू दिल्या नाहीत तर काय होतं ते तू करून पाहिलंस का? म्हणून मी खोडाला ग्रीसची पट्टी ओढली. मुंग्या अडल्या, पिठ्याच्या गोड रसासाठी त्या त्याची राखण करायच्या ती गेली, आणि लाल ढालकिड्यांनी येऊन पिठ्या फस्त केला. तेव्हापासून त्या बाई मला विचारतात आणि मी पाहून कळवते. दोन वर्षं झाली, त्यांचं तोंड मी पाहिलेलं नाही.

पण हे आता कुणाला खरं वाटणार? दिल्लीला जात नाही म्हणाले तर लोक म्हणतील पैसे नव्हते, आणि बापूंचं हसं होईल. साहेबांपर्यंत गोष्ट गेली आहे. मला रात्रंदिवस तो फ्लेक्स दिसतो.

सायली

भालकी,
३१ जुलै २०२५

चि. सायलीस आशीर्वाद.

बंकटला काय बोलू नको. त्याचं काय चुकलं न्हाई. चोर मी हाय.

तुला लिवलं त्याच दिवशी बद्रीला बी लिवलं. दोन्ही पाकिटं एकाच हातानं पेटीत टाकली. मी म्हणलं, पोरीला दिल्ली लागलीय, पैशासाठी अडवू नको, कमी पडलं तर मी हाय. कर्नाटकाचं मी त्याला लिवलंच न्हाई. मला वाटलं, ते नाव कानावर गेलं की तो फुकटच्याकडं झुकंल आन तुझी बाहुली परत जाईल. फ्लेक्स लावंल हे माझ्या ध्यानात यायला पायजे होतं. बैलाचा पहिला नंबर आलता तवाबी लावलाता त्यानं.

चुकलं माझं. पोरीनं विश्वासानं सांगितलेलं मी फोडलं. बंकटला दोन पेढे जास्त दे आन माझ्या वतीनं माफी माग.

आता एक खरं सांग. दिल्लीवाल्यांनी बी समदं फुकट दिलं असं धर. जेवण, खोली, फी, समदं. मग कुठं जाशील? लगेच लिवायला बसू नको. तीन दिवस जाऊ दे. मला शाणपणाचं उत्तर नको, खरं पायजे. दिल्ली आलं तर दिल्ली, म्हैस हायच. कर्नाटक आलं तर बद्रीला तू सांगायचं, मी न्हाई. पर चार माणसांत सांगू नको. चार माणसांत त्याला हो म्हणता येत न्हाई.

तुझी गुन्हेगार आत्या

लिंबागणेश,
११ ऑगस्ट २०२५

ती. आत्या,

तुझं पत्र वाचून आधी खूप राग आला. मग बैलाचं वाचून हसू आलं, आणि राग पुरता टिकलाच नाही. बंकटला पाव किलो पेढे दिले. त्याला मी बोलत नाही हे कळलंच नव्हतं. त्याला वाटलं, दिल्लीमुळं पोरगी शिष्ट झाली.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पहिल्या दिवशी दिल्ली आलं. दुसऱ्या दिवशीही दिल्लीच, आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले. म्हणजे तू मला बरोबरच ओळखलं होतंस असं वाटलं. तिसऱ्या दिवशी मी झाडांकडं गेले. तिथं पट्टीच्या अलीकडं दोन मुंग्या कसला तरी कचरा ग्रीसवर आणून टाकत होत्या, पूल केल्यासारखा. आत्या, मी पळत घरी आले ते बाईंना कळवायला. दिल्ली डोक्यातसुद्धा नव्हती. मग शांत बसून विचार केला. दिल्ली मला सांगायला पाहिजे होती. वच्छलाबाईला, सरांना, मावसबहिणींना. शिकायला मला बाईंकडंच जायचं आहे. फुकट असो की नसो. हे खरं आहे, तुझी शपथ.

शुक्रवारी बापूंच्या मागं गाडीवर बसून बीडला निघाले. मांजरसुंबा गेलं, घाट उतरलो, आणि पालीच्या पुढं धरण दिसायला लागलं तेव्हा बोलले. मागं बसलं की तोंड बघावं लागत नाही. सगळं सांगितलं. दोन जागा, बाई, मुंग्या, तुझं पत्रसुद्धा. बापूंनी गाडी थांबवली नाही की हळू केली नाही. पार बीडचा पूल आला तेव्हा एकच बोलले.

“मग फ्लेक्सचं काय?”

त्यानंतर आजपर्यंत एक शब्द नाही. जेवताना ताटाकडं बघतात. फोनसुद्धा स्पीकरवरून काढलाय. रविवारी एकटेच कुठं तरी निघून गेले, दुपारी परत आले तर घोटे सुजलेले. रागात रानोमाळ वणवण केली असणार. आई हळद लावायला गेली तर तिलाही नको म्हणाले. मी त्यांना फार दुखवलं आहे. पंचवीस तारखेला दोन आठवडे राहिलेत, आणि त्यांचं तोंड असं राहिलं तर मी होकार कळवू शकेन असं मला वाटत नाही.

सायली

मु. पो. लिंबागणेश, ता. जि. बीड
दि. १३/०८/२०२५

प्रति,
ती. अक्का, मु. पो. भालकी

विषय: कु. सायली हिने दिल्ली सोडून कर्नाटकात शिकण्यास जाण्याचे म्हटल्याबाबत.

अक्का,

उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की, मी आपणावर नाराज आहे. आपल्या दि. १७ च्या पत्रात कर्नाटकाचा उल्लेख नव्हता. असता तर मी थांबलो असतो.

खोटं कशाला लिवू, थांबलो नसतो. दोन फ्लेक्स लावले असते. अर्ज लिवून लिवून मला साधं पत्र येईना झालंय, सांभाळून घे.

अक्का, वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लावतोय. बैल सोडला तर आपल्या घरातलं नाव त्या टपरीवर पहिल्यांदा लागलं. साहेबांनी स्वतः फोन केला, म्हणाले, बद्रीनाथ, तुझी पोरगी आपली शान हाय. आता त्यांना काय सांगू? पोरगी मुंग्यांसाठी दिल्ली सोडती म्हणून?

ती पाठीमागं बसून बोलली. मी गाडी थांबवली न्हाई, कारण थांबवली असती तर तिनं माझं तोंड बघितलं असतं. मला वाटलं, पोरीनं माझी ऐपत बघून मन मारलं. बापाला याच्यापेक्षा वाईट काय असतं? ती नको नको म्हणती, पर मला पटंना.

म्हणून रविवारी डोंगराकडच्या पट्टीत एकटाच गेलतो. तिच्या झाडाखाली बसलो. मुंग्या खोडावर चढत येतात, ग्रीसपाशी थांबतात, मिशा हलवतात आन माघारी फिरतात. शेजारच्या बिनाग्रीसच्या झाडावर सरळ वर जातात आन तिथली फळं पिठ्यानं पांढरी झालेली. पट्टीच्या झाडाची फळं हिरवीगार. दोन वर्षं ती मला हेच सांगत होती, आन मी गाडीच्या ग्रीसचा डबा कुठं गेला म्हणून घर डोक्यावर घेत होतो. घोट्याला मुंग्या चावल्या तरी मी दोन तास उठलो न्हाई. हे घरी कुणाला बोललो न्हाई, तूबी बोलू नको. आता तरी.

तर विनंती अशी की, आपण त्या मुलखात राहता, भाषा जाणता. आपण समक्ष जाऊन पाहणी करावी. हॉस्टेल कसं हाय, पाणी हाय का, ती बाई खरी हाय का. पोरगी मन मारून चाललीय का खुशीनं, ते मला तिथूनच कळंल असं वाटतं. तारीख पंचवीस हाय.

आपला आज्ञाधारक,
बद्रीनाथ

भालकी,
१९ ऑगस्ट २०२५

बद्री,

काल पहाटेच्या बसनं गेले आन मध्यरात्री परत आले. पाच तास म्हणली होती पोरगी, सात लागले. म्हैस शेजारणीकडं बांधली, तिला बी लाथ मारली म्हणं.

हॉस्टेल चांगलं हाय. पाणी हाय. रखवालदारीण माझ्यापेक्षा भांडकुदळ हाय, म्हणून काळजी न्हाई. जेवणात भाकरी असती, जवारीची, मी हात लावून बघितली.

बाई खऱ्या हायत. पन्नाशीच्या, केस आखूड, पायात रबरी बूट. मला ऐकू येत न्हाई म्हणल्यावर त्यांनी वही घेतली आन कानडीत लिवून बोलल्या. चाळीस वर्षांत बसच्या पाट्या वाचून शिकलेली कानडी काल कामाला आली. मी सायलीची आत्या म्हणल्यावर त्या उठल्या आन मला कपाटापाशी नेलं. बद्री, तिथं एक अख्खी फळी काचेच्या बाटल्यांची. आत मुंग्या, पिठ्या, वाळकी पानं. दर बाटलीवर चिठ्ठी, पोरीच्या अक्षरात तारीख आन खाली ‘लिंबागणेश’. मी मोजल्या न्हाईत, पर फळी भरली होती. तिकडं परमुलखात, त्या कपाटात, आपल्या गावाचं नाव दोन वर्षांपास्नं लावलेलं हाय, आन आपल्याला खबर न्हाई. मला तिथंच रडू आलं.

मी वहीत विचारलं, पोरगी गरिबीपायी येतीय का? बाईंनी वही पुढ्यात ओढली. मग लिवलं ते मी तसंच तुला मराठीत देते.

“ती दिल्लीला गेली तरी मी तिला पत्र लिहीत राहीन. पण ती इथं आली तर मला पुढचे प्रश्न एकटीला विचारावे लागणार नाहीत.”

बघितलेलं सांगितलं. आता तुझं तू बघ. पोरीला लवकर बोल. ती समजती की तुझे घोटे रागानं सुजलेत.

अक्का

हॉस्टेल,
१४ सप्टेंबर २०२५

ती. आत्या,

इथं येऊन दहा दिवस झाले आणि आज पहिली उसंत. रखवालदारीणबाईनं पहिल्या दिवशीच विचारलं, ती कानानं ऐकू न येणारी म्हातारी तुझी कोण? तू भाकरी मोडून वास घेतलास म्हणे. तुझ्यामुळं मला इथं सगळे घाबरतात.

तुझं पत्र आलं त्या दिवशी पोळा होता. बापूंनी ते बैलांच्या पाठीवर झूल टाकता टाकता वाचलं, मग माझ्या हातात दिलं आणि स्वतःचंही, तुला पाठवलेल्या अर्जाची कच्ची प्रत. दुसरं वाचून होईपर्यंत ते मुद्दाम बैलाची शिंगं रंगवत राहिले. मी त्यांच्या घोट्यांकडं बघून हसत होते आणि रडतही होते. मग त्यांनी विचारलं की, मुंग्यांना ग्रीस गोड का लागत नाही. मी म्हणाले, पाय चिकटतात बापू. ते म्हणाले, हां, म्हणजे माझ्यासारखंच, माझे फ्लेक्सला चिकटलेत. सोमवारी सकाळी मी होकार पाठवला. बटण त्यांनीच दाबलं.

पण खरी गोष्ट पुढं आहे, आणि ती तुला घरचं कुणी लिहिणार नाही.

सत्तावीसला गणेश चतुर्थी. देवळात पंचक्रोशी लोटते, आणि यंदा आरतीला साहेब येणार होते. स्टँडवर फ्लेक्ससाठी जागा मिळेना इतकी गर्दी. बापू दोन दिवस बीडला फ्लेक्स छापणाऱ्या कलीमभाईच्या दुकानात बसून होते. मला वाटलं, साहेबांच्या स्वागताचं असेल. चतुर्थीला सकाळी आईबरोबर देवळाकडं निघाले तर टपरीवर नवा फ्लेक्स. यावेळी मी तिकिटाएवढी नाही, बापूंएवढी. त्यांचा गॉगल काढलेला. या विद्यापीठाचं पूर्ण नाव, त्याखाली ‘संपूर्ण शिष्यवृत्तीसह’. सात डोक्यांपैकी एकही नाही. आणि सगळ्यात वर, जिथं साहेब हात जोडून असायचे तिथं, हातभर लांबीची काळी मुंगी.

आई तिथंच रस्त्यात उभी राहिली. मला हसावं की पळावं कळेना. आत्या, पंचायत समितीच्या तिकिटांची यादी लवकरच व्हायची होती, आणि ते बापूंना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

साहेबांची गाडी आली, थांबली, काच खाली झाली. मित्रमंडळातले सगळे पांगले, एकटे बापू पुढं गेले. साहेबांनी वर बोट दाखवून विचारलं, हे काय, बद्रीनाथ, आमच्या जागी कोण हाय? बापूंनी टोपी सारखी केली. आवाज नेहमीचाच होता, फार मोठा नाही.

“साहेब, माफ करा. पोरगी हिच्यामुळं पुढं गेली, तुमच्यामुळं न्हाई.”

साहेबांनी एकदा मुंगीकडं बघितलं. मग काच वर झाली आणि गाडी देवळाकडं गेली. चिडले की हसले, ते कुणालाच दिसलं नाही. आरतीला मात्र त्यांनी मला पुढं बोलावलं आणि विचारलं की, त्यांच्या आंब्यावरही तसलंच पांढरं पडतंय, त्याला ग्रीस चालेल का. मी म्हणाले, आधी मुंग्या कुठल्या आहेत ते बघावं लागेल. तिकिटाचं अजून काही ठरलेलं नाही. बापूंनी विचारणंही सोडलंय.

दिल्लीचा जुना फ्लेक्स वाया गेला नाही. बापूंनी माझी गादी त्यात गुंडाळून दोरीनं बांधली. अख्खा दिवस बसच्या टपावर साहेब हात जोडून कर्नाटकात आले. आता तो माझ्या पलंगाखाली अंथरलाय, म्हणजे ओल लागत नाही.

बाईंनी मला पहिल्या दिवशी ती फळी दाखवली. तू म्हणालीस तशीच आहे. मी शेवटी पाठवलेली बाटली, त्या पूल करणाऱ्या दोन मुंग्यांची, टेबलावर वेगळी ठेवली होती. कालपासून आम्ही दोघी तेवढ्यावरच बसलोय.

बापू रोज संध्याकाळी फोन करतात, पुन्हा स्पीकरवर. मी जेवले का, हे आई विचारते. बापू आधी मुंग्यांचं विचारतात, मग मागून वच्छलाबाई विचारते. दिवाळीला घरी येताना आधी तुझ्याकडं उतरेन. म्हैस विकली नसशील तर तिला सांग, मला लाथ मारू नको म्हणावं.

तुझी,
सायली